देवजीबाबांच्या गालावरची हळद

मी एक जुना मॉनिटर आहे. मित्रांनो, मला टीव्ही म्हणू नका, फार लागतं. मी सिनेमे दाखवायला नाही, फोटो छापण्याआधी तपासायला जन्मलो. कारखान्यात माझे रंग नीट जुळवले आणि पडद्याला चकाकी येऊ दिली नाही. फोटो बघताना माणसाला त्यात स्वतःचंच तोंड दिसलं, तर काय उपयोग?

कोपरखैरण्यात नदीमचा स्टुडिओ आहे, तिथे मी कामाला लागलो. त्याच्या बायकोने, बुशराने, काळ्या पुठ्ठ्याचं छप्पर करून माझ्या डोक्यावर बसवलं, ट्यूबलाइट माझ्यावर पडू नये म्हणून. माझा उजेडही तिने बेताचाच ठेवला. कागद काही स्वतःहून उजळत नाही, मग पडद्याने कशाला उजळावं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे माझ्यावर दिसे तेच कागदावर उतरे. आसपासच्या गावांतली कितीतरी लग्नं माझ्या नजरेखालून गेली.

एकदा बोनकोड्याचा हितेश आला. त्याचे आजोबा, देवजीबाबा, वारले होते आणि वर्षश्राद्धाला त्यांचा मोठा फोटो हवा होता. बाबा कॅमेऱ्यासमोर हसले ते एकदाच, हितेशच्या हळदीत, गालभर हळद फासलेली असताना. तोच फोटो हितेशने निवडला. निवडता निवडता मला बघून म्हणाला, "नदीमभाय, चिमनीच्या उजेडात काम करता काय? माझा मोबाइल याच्यापेक्षा भारी दाखवतो."

नदीमच्या ते मनाला लागलं. लगेच दुकानात जाऊन त्याने भिंतभर मांडलेल्या मॉनिटरांतला सगळ्यात लखलखणारा उचलून आणला. बुशरा म्हणाली, "आपला एखादा प्रिंट तरी न्यायचा होतास, बाजूला धरून बघायला." पण हौसेला मोल नाही. मी टेबलाखाली गेलो, भंगारवाल्याची वाट बघत. खरं सांगतो, वाईट वाटलं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी गोजराआजी स्वतः नवऱ्याचा फोटो न्यायला आल्या. त्यांनी प्रिंट दाराशी उजेडात नेला आणि तशाच उभ्या राहिल्या. फोटोतला चेहरा काळवंडला होता, हळदीचा चिखल झाला होता, हसू तर कुठेच नव्हतं.

"ह्यो कोन? ह्यो आमचा मानूस नाय."

नदीमने नवा मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. "मावशी, इथं बघा ना, किती क्लिअर आहे."

"तितं हाय रं बाला. पन मी भितीवर कागद लावनार, का तुजा टीवी?"

नदीमने अंदाजाने उजळवून पुन्हा छापला. आता चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा आला. आजी स्टुलावर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. त्यांच्याकडे बाबांचं दुसरं हसू नव्हतं.

तेव्हा बुशराने मला टेबलाखालून बाहेर काढलं, मऊ कोरड्या फडक्याने पुसलं, छप्पर बसवलं आणि जोडलं. पहिल्या प्रिंटचा फोटो माझ्यावर आला तो काळाकुट्ट, थेट त्या प्रिंटसारखा.

"म्हणजे आपण हेच छापलं?" नदीम म्हणाला. नव्याच्या लखलखाटात काळा चेहराही उजळ दिसायचा, म्हणून त्याला ते कळलंच नव्हतं.

मग आजींना शेजारी उभं करून त्याने बाबांचा चेहरा अंधारातून हळूहळू वर काढला. "आजून," आजी सांगत होत्या. "खाडीच्या उनात रापला व्हता, पन येवडा काला नव्हता. हां. आता ऱ्हाउंदे."

या वेळचा प्रिंट आजींनी पुन्हा दाराशी नेला. गालावरच्या हळदीवरून बोट फिरवलं आणि हितेशच्या आजोबांना चांगलं दटावलं, "उद्या सराद हाय आनि हसतोय बघ."

मित्रांनो, नवा मॉनिटर आता गिऱ्हाइकांना फोटो दाखवतो, तिथे तो शोभतोही. तुम्ही फोटो छापण्यासाठी पडदा घ्यायला जाल, तेव्हा झगमगाटाला भुलू नका. एक चांगला प्रिंट सोबत न्या आणि शेजारी धरून बघा. आणि घरी आणल्यावर त्याला ओल्या फडक्याने घासू नका. मला लखलखायला जमत नाही. पण बोनकोड्यातल्या त्या भिंतीवर देवजीबाबा अजून हसताहेत.