व्हिटलॉक वकिलांची तडजोड

माझी बायको डेल्फी ही व्हिटलॉक वकिलांची गुलाम होती. त्यांचा स्वयंपाक तिच्याकडे. मी काळाच, पण जन्मापासून मोकळा. केंटकीतल्या मेसव्हिलला नदीच्या धक्क्याजवळ माझं न्हाव्याचं दुकान. शनिवारी संध्याकाळी मी तिच्याकडे जायचो, सोमवारी पहाटे परत. आमच्यातल्या बऱ्याच जोडप्यांचा संसार असाच चाले.

१८६०च्या निवडणुकीनंतर गुलामगिरीच्या वादावरून दक्षिणेतली राज्यं देशातून एकेक करून फुटू लागली. फेब्रुवारीत वॉशिंग्टनला समेटाची परिषद भरायची होती. केंटकीकडून व्हिटलॉकही निघाले. आदल्या दिवशी मी त्यांची दाढी करत होतो.

"तडजोड होऊ दे, सायलस," ते म्हणाले. "आल्या आल्या डेल्फीला मोकळी करतो. देश शांत झाला की मग कोण कुणाला नावं ठेवतंय?"

मोकळं केलेल्या माणसाला केंटकीत राहू देत नाहीत, तसा कायदाच आहे. म्हणून मी नदीपलीकडे, गुलामगिरी नसलेल्या ओहायोत, एक खोली बघून ठेवली. रविवारी आमच्या चर्चमध्ये परिषदेसाठी प्रार्थना करा, असंही मीच सांगितलं. सगळे गुडघ्यांवर बसले. डेल्फी उभीच राहिली.

नंतर स्वयंपाकघरात मी तिला कारण विचारलं. ती पीठ मळत होती.

"त्या तडजोडीत काय आहे, माहितीये तुला?"

"भांडण मिटवायचंय."

"त्यांच्या पाहुण्यांना जेवण वाढताना ऐकलंय ना मी. गुलामगिरीला पुढे कधीच कुणी हात लावायचा नाही, असं घटनेत लिहायचंय. म्हणजे मी बाहेर पडायचं, आणि लेटीच्या तोंडावर दार बंद." लेटी तिची धाकटी बहीण, त्याच घरात राबायची.

"तू तर आधी बाहेर पड."

"आणि देवाला काय सांगू? माझ्या बहिणीला बांधून ठेव, माझ्या नवऱ्यानं खोली बघितलीये?"

"खोली चांगली आहे," मी म्हणालो. "खिडकी आहे."

"काय दिसतं खिडकीतून?"

"केंटकी."

तेवढ्यापुरती ती हसली.

मार्चमध्ये व्हिटलॉक परत आले आणि माझ्या खुर्चीत बसले. सिनेटनं तडजोड फेटाळली होती.

"आणि डेल्फीचं, साहेब?"

"आता कसं जमेल? आता तिला सोडली तर गाव म्हणेल, व्हिटलॉक उत्तरेला मिळाला. जरा निवळू दे."

"बरं," मी म्हणालो. एक गाल राहिला होता, तो केला.

डेल्फीला सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाठ करून बराच वेळ चुलीपाशी उभी राहिली.

एप्रिलमध्ये उत्तर-दक्षिण युद्धाच्या तोफा सुटल्या. निवळलं काहीच नाही. पुढच्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ साठला, ताप हटेना, आणि त्याच स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत ती गेली.

व्हिटलॉक टोपी हातात घेऊन आले. मी त्यांना विचारलं, हिला ओहायोत पुरू का?

"ने की," ते लगेच म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

होडीवर तिचे मोकळीकीचे कागद कुणी मागितले नाहीत. पेटी धरायला चर्चमधली दोन माणसं होती.

बहिणीला माती द्यायला लेटीला सोबत न्यायचंही मी विचारलं होतं.

"आज जेवायला माणसं आहेत, सायलस," ते म्हणाले. "आणि आता स्वयंपाक तीच बघते."