कापलेले पाव मिनिट

"आधी खरवड, मग पूस, मग सोल्युशन लाव. आणि दाबून धरलंस की दहा मोज. नऊवर सोडलंस तर भर लग्नात नायिका तुटून पडेल, सांगून ठेवतो!"

मित्रांनो, हा आवाज आमच्या थिएटरात सिनेमाचे मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरांचा. ज्या नऊ वर्षांच्या मुलीला ते हे सांगत होते ती त्यांची एकुलती एक लेक. तिचे पाळण्यातले नाव वेगळेच होते, पण सिनेमावेड्या बापाने तिला कायम छबी म्हणूनच हाक मारली.

आणि मी? मी एक जुनी जोडणी आहे, तुटलेली फिल्म सांधायचे हातयंत्र. कागदावर माझे नाव स्प्लायसर, पण मशीनच्या केबिनमध्ये त्या नावाने मला कुणी ओळखले नाही. तळहाताएवढी लोखंडी पाटी, दोन झडपा, एक पाते, आणि फिल्मच्या कडेची भोके जिच्यावर बसतात ती बारीक दातांची रांग, एवढाच माझा देह. खेळ चालू असताना फिल्म तुटली की खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या आणि वर तिची दोन टोके माझ्या मांडीवर यायची. फाटका भाग पात्याने कापायचा, कड खरवडायची, चिकटवायच्या सोल्युशनचा थेंब लावून झडप दाबायची. दर जोडाला दोन चित्रे तरी कमी व्हायचीच, त्याला इलाज नव्हता. एका सेकंदात चोवीस चित्रे पळतात, तेव्हा पाहणाऱ्याला ते कळायचे नाही. मला कळायचे.

काय काय गेले माझ्या मांडीवरून! गर्दीत ताटातूट झालेले जुळे भाऊ, आवाजावरून लेकाला ओळखणारी आंधळी आई, निकालाच्या ऐन क्षणी धापा टाकत कोर्टात शिरणारा साक्षीदार, मोठ्या घरची मुलगी आणि फाटक्या खिशाचा नायक. आमचे ऑपरेटर प्रत्येकासाठी रडायचे. चारही खेळांना, रोज. डोअरकीपर, ज्यांना हातातल्या टॉर्चमुळे सगळे बॅटरीकाका म्हणत, ते वर येऊन म्हणायचे, "अहो, तुम्हाला पगार मशीन चालवायचा मिळतो की रडायचा?"

एक हिंदी चित्रपट तर आमच्याकडे सव्वीस आठवडे चालला. त्यातली मुलगी बापाच्या मनाविरुद्ध लग्न करते, बाप तिच्या तोंडावर दार लावून घेतो. शेवटच्या रिळात ती कडेवर मूल घेऊन त्याच दाराशी येते. हाक मारत नाही, कडी वाजवत नाही, नुसती उभी राहते. मग दार उघडते. म्हातारा बाप हिंदीत दोनच शब्द म्हणतो, "अंदर आ." पडद्यावर हे जेमतेम पाव मिनिट चालायचे. पण त्या पाव मिनिटासाठी बायका पुन्हा पुन्हा यायच्या. छबी केबिनच्या झरोक्याला नाक लावून उभी असायची, आणि दार उघडेपर्यंत ऑपरेटर पुटपुटत असायचे, "दगड आहे हा माणूस, दगड!"

दिवस गेले. छबी मोठी झाली, आणि थिएटरचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरशी तिने लग्न केले. मुलगा निर्व्यसनी होता, कामसू होता. पण बापाला न विचारता झाले, एवढे एक निमित्त पुरले. ऑपरेटर केबिनमध्येच तिला म्हणाले, "माझ्या दाराशी यायचं नाही." मी तिथेच होते. टेबलावरची फडकी तिने घडी करून ठेवली आणि जिना उतरून गेली.

वहिनी, म्हणजे छबीची आई, रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. आवाज कधी चढायचा नाही त्यांचा. जेवणाआधी हात जोडून लेकीचे नाव घेण्याचा त्यांचा नेम होता. एकदा डबा उघडता उघडता म्हणाल्या, "अहो, लोकांच्या लेकींसाठी रोज चारदा रडता. आपल्या लेकीला एकदा तरी?"

"सिनेमा वेगळा, घर वेगळं."

"असं होय? मग घरातला माणूस इतका कोरडा, नि केबिनमधला इतका ओला कसा?"

ऑपरेटरांनी डबा न खाता झाकण लावले.

छबीच्या लग्नानंतर तीन वर्षांनी तोच दाराचा चित्रपट पुन्हा आमच्याकडे लागला. पहिल्या दिवशी शेवटचे रीळ सुरू झाले, दार उघडले, आणि ऑपरेटरांनी झरोक्यावरून तोंड फिरवले. खेळ संपल्यावर त्यांनी ते रीळ माझ्याजवळ आणले. मला वाटले, कुठे तुटले असेल. पण फिल्म शाबूत होती. त्यांनी ती माझ्या दातांवर बसवली आणि पाते दाबले. मग पुढे, आणखी एकदा. ते पाव मिनिट त्यांनी गुंडाळून एका डबीत टाकले. उरलेली टोके मला जोडावी लागली. मित्रांनो, मी लोखंडाची, मला नाही म्हणता येत नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा धडधाकट फिल्म माझ्या हातून कापली गेली.

आता चित्रपट असा संपू लागला: मुलगी दाराशी उभी आहे, दार बंद आहे, आणि 'समाप्त'. बॅटरीकाका वर धावत आले. "अहो, पब्लिक विचारतंय, बाप आतल्या आत मेला की काय?" ऑपरेटर म्हणाले, "प्रिंट जुनी आहे. तुटली."

चौथ्या दिवशी दुपारच्या खेळानंतर बॅटरीकाका पुन्हा आले, पण या वेळी हळूहळू. म्हणाले, "छबी आली होती."

ऑपरेटरांच्या हातातले रीळ थांबले.

"एकटीच होती. मला म्हणाली, काका, शेवट झाला की मी वर केबिनमध्ये जाणार. बाबा तो शेवट बघून नेहमी रडतात, तेव्हाच जाते. जिन्याशी येऊन उभीसुद्धा राहिली. तिथून पडदा बघत होती. मग मला विचारलं, ही दुसरी प्रिंट आहे का? मी म्हटलं, नाही गं, तीच. म्हणाली, बरं. आणि गेली."

बाकी कुणाला कळले नसते. पण छबी माझ्यावर शिकलेली. फिल्म आपोआप तुटते कुठे आणि हाताने कापली जाते कुठे, ते तिला पडद्यावरून कळत होते. बापाने तिला उत्तर दिले, असे ती समजली. आणि ते खोटे तरी कसे म्हणू?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटरांनी डबीतली पट्टी काढून पुन्हा जोडली. झडप दाबून धरून पुरते दहा मोजले. चित्रपट उतरेपर्यंत सगळ्यांसाठी दार उघडत राहिले. छबी मात्र परत आली नाही. ऑपरेटर तरी तिच्याकडे कुठे गेले? "पुढच्या शुक्रवारी बघू," म्हणायचे. शुक्रवारी चित्रपट बदलायचा, यांचे मन तिथेच.

असे कितीतरी शुक्रवार गेले. मग रिळांच्या पेट्या येणे बंद झाले, थिएटरच बंद झाले. मशीन भंगारात गेले. मला मात्र ऑपरेटरांनी रुमालात बांधून घरी नेले आणि कपाटावर ठेवले. तिथे मी धूळ खाल्ली, गंजले. त्याचे मला दुःख नाही. पण तिथून मला वहिनींचे अंथरूण दिसायचे, आणि त्या दिवसेंदिवस लहान होत चाललेल्या दिसायच्या.

एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला जवळ बसवले. "मी तिला पत्र लिहीत असते. तुम्हाला सांगितलं नाही, रागावू नका. नात झालीय, चौथीत आहे. पत्ता माझ्या औषधांच्या पिशवीत आहे."

ऑपरेटरांनी त्यांच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले.

"तिला बोलवू नका हं. ती एकदा येऊन गेलीय. आता तुम्ही जायचं. जाल?"

"जाईन."

"तिने दार नाही उघडलं तरी रागावून परत यायचं नाही. थोडं थांबायचं."

"थांबेन गं."

त्यानंतर सातव्या दिवशी वहिनी गेल्या. छबीला कळवले ते बॅटरीकाकांनी, पण उशिरा. आईचे तोंड तिला दिसले नाही. तेही पुन्हा कधी जोडता येणार नाही.

मित्रांनो, मला तेल घाला, काचेच्या कपाटात ठेवा, असे मी म्हणत नाही. माझे काम संपले. पण इतकी वर्षे जोड देऊन मला जे कळले ते ऐका. कापायला एक क्षण लागतो. जोडता पुष्कळ वेळा येते, पण दर वेळी थोडे गळतेच. म्हणून जे सांधायचे आहे ते लवकर सांधा. पुढच्या शुक्रवारवर टाकू नका.

आज सकाळी ऑपरेटर लवकर उठले. दाढी केली, धुतलेला सदरा घातला. औषधांची पिशवी उघडून पत्त्याची चिठ्ठी काढली आणि चष्मा लावून दोनदा वाचली. शेजारणीने दारातून विचारले, "काका, इतक्या सकाळी कुठे?"

"जरा जाऊन येतो. वेळ लागेल बहुतेक," ते म्हणाले. मग कठड्याला धरून, एकेक पायरी, ते जिना उतरू लागले.