गुंडोचं हसणं

भव्या पुण्याहून बंगळूरला नोकरीसाठी आली होती. पुढे नोकरी सोडून ती माणसांच्या बोलण्यातून ध्वनिमाहितीपट करू लागली. तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत जीव गमावलेल्या कामगारांवरचा माहितीपट करताना ती बनशंकरी भागात राहणाऱ्या मराठी गोजराबाईंकडे गेली. त्यांचा एकुलता एक मुलगा गुंडो तीन वर्षांपूर्वी प्रेस मशीनमध्ये सापडून गेला होता.

"सकाळी माझ्याशी भांडला," गोजराबाई सांगत होत्या. "डबा न घेताच निघाला. दारातून परत आला, म्हणाला, आई, स्वल्प पाणी दे. मी रागात होते. पाठमोरीच राहिले, तांब्या मागं सरकवला. तोंड बघितलं नाही गं त्याचं." आणि त्या पदरात तोंड खुपसून रडल्या.

त्या शांत झाल्यावर भव्याचं यंत्राकडे लक्ष गेलं. रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं.

ती म्हणाली, "आजी, माझी चूक झाली. एकदा पुन्हा सांगाल?"

गोजराबाईंनी डोळे पुसले. या वेळी त्या सावकाश, नीट बोलल्या. रडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "पाणी प्यायला, आणि माझ्याकडं बघून हसत गेला."

भव्याला फरक कळला होता. पण ते हसणं ऐकायला इतकं गोड होतं, की तिने तेच ठेवलं. माहितीपट गाजला. लोकांचे फोन आले, कुणी कुणी गोजराबाईंना भेटायलाही गेले. प्रत्येकाला त्या तेच सांगत, शब्दाला शब्द.

सहा महिन्यांनी भव्या साडी घेऊन त्यांना भेटायला गेली. गोजराबाईंनी तिचा हात धरला.

"एक विचारू? सांगून सांगून मला आता टेपातलंच आठवतंय. पहिल्यांदा सांगितलेलं तू एकटीनंच ऐकलंस. खरंच हसला होता काय गं तो?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं.

"तुम्ही पाठमोऱ्या होता, आजी. तोंड बघितलं नाही, असं म्हणाला होतात."

गोजराबाईंनी मान डोलावली.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "मग ते तोंड कुणाचं गं, जे मला रोज दिसतंय?"

गोजराबाईंनी भव्याचा हात हळूच सोडला आणि साडी तिच्याकडे परत सरकवली.

"तू वाईट नव्हेस गं पोरी. पण आता येऊ नकोस."

घरी जाऊन भव्याने माहितीपटातून ते वाक्य काढून टाकलं. गोजराबाईंना कळवायला तिने दोनदा फोन केला. त्यांनी तो उचलला नाही.