शेंदूर लागलेला पॉइंट

मी पॉइंट बोलतोय. हसू नका, शब्दालाही जीव असतो. फक्त तो माणसांच्या तोंडी असतो. माझं मूळ लॅटिनमधलं. टोचणं हा तिथला अर्थ, आणि टोचून पडलेलं बारीक भोक म्हणजे मी. फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेलो. त्यांनी मला चांगलंच कामाला जुंपलं. भाल्याचं टोक मी, वाक्याअखेरचा ठिपका मी, नकाशावरची नेमकी जागाही मीच.

बहात्तरच्या दुष्काळात मी परंड्याकडच्या एका गावात उतरलो. सारं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं. जमिनीतलं पाणी शोधत जीपमधून आलेल्या साहेबांनी वेशीशी, बौद्धवस्तीजवळ दगड रोवला, त्याला तांबडा रंग फासला. तापानं घरी राहिलेल्या वस्तीतल्या सिताबाईंना ते म्हणाले, "हा पाण्याचा पॉइंट. मशीन आलं की इथंच बोर घ्यायचा."

गावविहिरीला वस्तीनं हात लावायचा नाही, कुणी वरून पाणी घालीपर्यंत घागर घेऊन ताटकळायचं, अशी तिथली रीत. त्यामुळे सिताबाईंनी मला उराशीच धरलं. "आपला पाइंट, आपल्या दारात," असं त्या वस्तीत सांगत सुटल्या. इतक्या मायेनं माझं नाव कुणीच घेतलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गावातल्या म्हाताऱ्या मथुराबाई सोनारीच्या देवळातून परतल्या. "देवा, म्या थकले, आता तूच माझ्या गावाला ये," असं काळभैरवाला विनवून आलेल्या. वेशीशी तांबडा दगड दिसताच त्या गुडघ्यांवर बसल्या. "आला गं माझा भैरोबा, मागं मागं आला!" लगेच शेंदूर लागला, नारळ फुटला.

मशीन आलं तेव्हा गाव त्याला दगडाजवळ जाऊ देईना, तशा सिताबाई आडव्या झाल्या. "त्यो देव न्हाय, पाण्याचा पाइंट हाय. साहेब मलाच सांगून गेलेत."

"तुमी देव सोडले, आमचा तरी ऱ्हाऊ द्या," सरपंच तात्याराव म्हणाले. "देवाच्या डोक्यात सळई घालू व्हय?"

मशीन चावडीपुढं लागलं. दिवसभर नुसता फुफाटा उडाला आणि ते निघून गेलं. मला राग आला, रडूही आलं. पण शब्दाला हात कुठून असणार?

पुढं सिताबाईंनी चूल मोडली आणि वस्तीतल्या बाकीच्यांसोबत त्या ऊसतोडीच्या ट्रॅक्टरमध्ये बसल्या. जाताना माझ्याकडं पाहिलं.

आता इथं मला पॉइंट कुणी म्हणत नाही. नारळ फुटतो, त्याचं पाणी दगडावरून ओघळतं. खालचं पाणी खालीच राहिलंय. हात जोडू नका, मशीन आणा, एवढीच माझी विनवणी. पण ऐकणार कोण? माझं नाव घेणारी माणसं ढोकीच्या फडात ऊस तोडताहेत.