बरणीतली माती

मी माती बोलतेय. पण वावरातली नव्हे. परभणीच्या एका प्रयोगशाळेत, मेण लावून बंद केलेल्या काचेच्या बरणीतली.

माझं मूळ रान ताडकळसचं, धुरपताबाईचं. शेजारून कालवा गेला, पाणी पाझरू लागलं आणि रान चिबड झालं. कापूस सडला, ज्वारी पिवळी पडली. शेवटी धुरपताबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, लिंबाजीनं, भात लावायचं ठरवलं. नामांतरावरून मराठवाडा पेटला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. खताचं पहिलं पोतं फोडण्याआधी या प्रयोगशाळेतल्या काशीनाथ सरांनी मला बरणीत भरलं. पुढं मातीत काय फरक पडतो, ते ताडून बघायला.

तेव्हापासून मी आत. ना पाण्याचा थेंब, ना मूळ, ना गांडूळ.

बारा वर्षांनी, सरांच्या जागी आलेल्या सुमंगलाताईंनी माझ्याशेजारी दुसरी बरणी ठेवली. धुरपताबाईच्या त्याच रानातली माती. आम्हा दोघींची तपासणी झाली. दरवर्षीच्या सुपर फॉस्फेट खतातून कॅडमियम नावाचा धातू तिच्यात कणाकणानं साठला होता. तांदळाच्या दाण्यातही थोडा उतरला होता. एकदा आत गेलेला हा धातू सहजी निघत नाही. ती बिचारी त्याला घेऊन बसलेली, मी माझ्या काचेत.

ताई ताडकळसला जाऊन सांगून आल्या. "आज लगेच कुणी आजारी पडणार नाही. पण वर्षानुवर्षं पोटात गेला तर मूत्रपिंडाला वाईट. पोटुशीला आणि लेकरांना तर देऊच नका."

दिवाळी झाली आणि धुरपताबाई लेकीला, कस्तुराला, घेऊन प्रयोगशाळेत आली. कस्तुरा सोनपेठला दिलेली, पाचवा महिना लागलेला. दर दिवाळीला तिला माहेरचा तांदूळ मिळायचा. यंदा मिळाला नव्हता.

"वैनीनं कान भरले असतेन, दुसरं काय!" कस्तुरा दारातूनच म्हणाली.

"ताई, तुमीच सांगा हिला. माजं आयकंना गेली."

ताईंनी सगळं समजावलं, दोन्ही बरण्या टेबलावर मांडल्या. कस्तुरा निरखत राहिली.

"दोनी सारक्याच काळ्या हायत की."

"डोळ्यांना दिसत नाही गं ते."

कस्तुराचा हात पोटावर गेला. तिनं विचारलं, "आन् आई, तुमी समदे काय खायलाव?"

धुरपताबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तेच. त्या चिबडात दुसरं काय येतंय?"

महिन्याभरानं धुरपताबाई एकटीच आली. कस्तुरानं एसटीच्या टपावरून ज्वारीचं पोतं धाडलं होतं.

"लेकीच्या घरचं कसं खावं, ताई? म्या माघारी लावलं. तिनं पुन्यांदा धाडलं. मंग सुनेनं दळून आनलं. भाकर लय गोड लागली, पर घास उतरंना."

मग तिनं मला उचललं, दोन्ही हातांत धरलं.

"हिला घिऊन जाऊ का? वावरात टाकते. खताचं पोतं तर बंद केलंय, पर आत गेलेलं निघंना."

"नाही देता येणार, मावशी," ताई म्हणाल्या. "ही गेली तर तुमचं रान आधी कसं होतं, हे सांगायला काहीच उरणार नाही."

तिनं मला जपून जागेवर ठेवलं.

मी चांगली राहिले ती केवळ कोंडलेली होते म्हणून. काचेवर धुरपताबाईच्या बोटांचे ठसे अजून आहेत. कधी कपाट आवरायला आलात, तर धूळ खुशाल झटका. ते ठसे तेवढे पुसू नका.