खोक्यातली जाड केबल

२०१८ साल. छापखान्याच्या मालकांनी संगणकावर पुस्तकांची पानं लावायचं काम वहिनींना घरी दिलं, तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर अक्षरं मुंग्यांसारखी दिसायची, म्हणून त्यांनी मोठा मॉनिटर आणला. शनिवारपर्यंत शब्दकोशाची पानं गेली नाहीत, तर काम हातचं जाणार होतं.

मॉनिटर जोडला धाकट्या दिरांनी. घरातल्या वायरींची मक्तेदारी त्यांचीच, आणि सिद्धांत एकच: भोकात बसली की केबल बरोबर.

केबल बसली. पडदा काळाठिक्कर.

"वहिनी, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार."

"मी बोटसुद्धा लावलं नाही, भाऊजी."

"मग चष्मा बदला. चित्र आलं असेल, तुम्हाला दिसत नसेल."

जाऊबाई दारातून म्हणाल्या, "लग्नातले जोडेही यांनी असेच घेतले होते. पाय शिरला की झालं. अख्खं लग्नभर लंगडत होते."

वहिनींना हसू आलं नाही. त्या राग गिळून लहान पडद्यावरच डोळे फोडत बसल्या. शनिवारी दुपारी दिरांच्या खोलीतून आवाज आला. मालक त्यांचे शाळासोबती. फोन मालकांचाच आला होता.

"वहिनींना नाही रे झेपत आता. वय झालं. दुसरं कुणी बघ."

वहिनी तडक आत शिरल्या. दिरांच्या हातातला फोन बोलतानाही चार्जिंगला लावलेला होता, आणि त्याची केबल चांगली जाडजूड होती. मॉनिटरच्या खोक्यावर चित्र होतं तश्शी.

"ही कुठली?"

"तुमच्या खोक्यातलीच. हिच्यावर फोन झटपट भरतो. बदल्यात माझी दिली ना तुम्हाला? टोकं सारखीच तर आहेत."

वहिनींनी केबल खसकन उपटली, बाहेर जाऊन मॉनिटरला लावली. पडदा लख्ख उजळला; दिरांच्या बारीक केबलमधून नुसती वीज जायची, चित्र नाही. मग परत येऊन त्यांनी दिरांच्या हातातून चालू फोन घेतला.

"मालक, वय झालंय हे खरं. पण माझी केबल आमच्या भाऊजींनी फोनला जुंपली होती, आणि वर माझ्याच डोळ्यांना दोष देत होते. पानं संध्याकाळी पोचतील."

पानं पोचली. वहिनींनी पुढे चार वर्षं ते काम केलं. मालकांनी पुन्हा कधी दिरांना त्यांच्याबद्दल विचारलं नाही. दीर दोन वर्षांपूर्वी गेले, चूक कबूल न करताच. वहिनींनी त्यांना केबल माफ केली. फोनवरचं बोलणं नाही. मॉनिटर आता जाऊबाईंकडे आहे, त्यावर त्या सिनेमे बघतात. देताना वहिनींनी जाड केबल स्वतः गुंडाळून बरोबर दिली.