फाल्यां मेळया

"आलो की," असं म्हणत ती आमच्या इब्रामपूरच्या डोंगरावर, काजूच्या झाडांत येऊन उभी राहिली, तेव्हा माझ्या हातातला बोंडूच खाली पडला. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःला 'आलो' म्हणतात हे मला ठाऊक होतं. पण ही खरोखरच आली होती.

"तू इथे कशी?"

"तुमीच म्हणालासा की काल, फाल्यां मेळया. फाल्यां म्हंजे उद्या, मेळया म्हंजे भेटूया, शेजारणीला इचारून घेतलं. रजा टाकली."

आता हिला काय सांगू? आमच्याकडे कुणाला तोंडावर नाही म्हणवत नसलं की 'फाल्यां मेळया' म्हणतात. ऐकणाराही समजून घरी जातो. माझ्या स्टार्टअपसाठी मी को-फाउंडर शोधत होते, तेव्हा पणजीच्या प्रज्योतने मला हेच ऐकवलं होतं. त्याचं फाल्यां अजून उजाडायचं आहे.

नीरो म्हणजे बोंडूंचा, काजूच्या फळांचा, ताजा रस. सकाळी गोड, दुपारी आंबट. दोन उन्हाळ्यांमागे आई इस्पितळात होती आणि नीरोशिवाय दुसरं काही मागत नव्हती. मी बाटली घेऊन बसमधून पोचेपर्यंत नीरो फसफसला. आईने ओठाला लावला, हसली आणि बाटली परत दिली. पुढचा हंगाम तिने पाहिला नाही. तेव्हाच मी ठरवलं, नीरो डोंगराखाली गोडच उतरवायचा. त्यासाठी नोकरी सोडली, आणि एकटीच्या हातून रोज नासवत बसले. मे संपला की बोंडू संपणार होते.

ही योगिता डिचोलीच्या एका कारखान्यात सरबतांच्या बाटल्या तपासते. काल रसाबद्दल विचारायला गेले, तर भेटल्या भेटल्या म्हणाली, "तुमचा रस नासणारच. आदी फडकी बदला, मशीन मागनं." मला असा राग आला म्हणता. म्हणून तर तिला फाल्यांवर टाकली होती.

"वांटेकार मेळ्ळो मगे तुका," बाबा धोंड्याखालचा बोंडूंचा लगदा सारखा करत गालात हसले. वांटेकार म्हणजे भागीदार.

योगिताने पदर खोचला, पाणी तापवलं, फडकी उकळली. रस गरम करून बाटल्या भरल्या. मी चाखलं.

"हा नीरो नव्हे. काढा झालाय."

म्हटलं, आता रुसेल. तिने स्वतः एक घोट घेतला. "व्हय की. आच जास्त झाली. परत करू."

पुढच्या खेपेला मी झाडाखालचे बोंडू ओतायला निघाले, तर म्हणाली, "हे फुटल्यालं न्हाई चालायचं." माझ्याच डोंगरावर मला नाही म्हणत होती, आणि मला राग येत नव्हता. मी फडकं पसरायच्या आत तिचा हात दुसऱ्या टोकाला असायचा. मी थांबले की ती थांबायची. माणूस माणसाला असं सापडतं? इतकी वर्षं मी कुणाबरोबर साध्या चादरीचीसुद्धा धड घडी घातली नव्हती. मी खरंच थक्क झाले, डोळे भरून आले, आणि धूर लागला म्हणून सांगितलं.

हंगामभर ती सुट्टीच्या दिवशी येत राहिली. पुष्कळ नासलं. पुष्कळदा आम्ही एकमेकींना तोंडावर नाही म्हटलं.

जुलैत आम्ही मेमधली एक बाटली फोडली. बाबांनी पेला नाकाशी नेला आणि तसेच थांबले. बाहेर पाऊस, झाडावर एक बोंडू नाही, आणि घरभर काजूचा वास. अर्धा पेला ते अगदी सावकाश प्यायले. उरलेला अर्धा दाराबाहेर, आई बसायची त्या सोप्यावर नेऊन ठेवला.

मग योगिताची छत्री तिच्या हातात देत ते म्हणाले, "फाल्यां येतलें न्हय गो?"

योगिताने माझ्याकडे पाहिलं. एव्हाना तिला त्या शब्दाचा आमचा अर्थ कळला होता.

"ह्या घरात," मी म्हटलं, "फाल्यां म्हणजे उद्या."